न जोडलेलं लाल बटण

आधीच सांगतो, भुताखेतांचे अनुभव वाचायला मला आवडतात, पण विश्वास शून्य. छत्तीस वर्षं एका कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होतो. मशीन आपोआप चालू झालं, दिवे स्वतःहून गेले, पॅनेलमधून कोणीतरी कण्हतंय... सगळं ऐकलंय. आणि प्रत्येक वेळी शेवटी सापडलं काय? ढिला स्क्रू, उंदराने कुरतडलेली वायर, नाहीतर डुलकी लागलेला ऑपरेटर. त्यामुळे इथे कोणी काही लिहिलं की मी मनातल्या मनात त्याचं वायरिंग तपासायला लागतो. आता माझं तपासा. मला स्वतःला तर वर्षभरात काही सापडलेलं नाही.

पण ही गोष्ट माझ्यापेक्षा माझ्या मुलीची जास्त आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

केतकी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. चार वर्षांपूर्वी तिने चांगली नोकरी सोडली, कांदिवलीत एक छोटा गाळा घेतला आणि घरगुती स्विमिंग पूलच्या ऑटोमेशनची कामं सुरू केली. म्हणजे पंप कधी चालायचा, क्लोरीन किती सोडायचं, दिवे कधी लावायचे, हे सगळं सांभाळणारी कंट्रोल सिस्टीम निवडून द्यायची आणि बसवायची. आम्ही राहतो बोरिवलीला. मी रिटायर झाल्यापासून तिच्याकडे वायरिंग करतो. साइटवर गेलो की लोक माझ्याकडे बघून बोलायला लागतात. मी टूलबॉक्स खाली ठेवतो आणि सांगतो, "साहेब त्या. मी त्यांचा वायरमन." हे बोलताना मला जी मजा येते ना, ती माझ्या स्वतःच्या प्रमोशनच्या दिवशीही आली नव्हती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मनोरीचं काम आलं. पार्ल्याचे एक गृहस्थ, शिरीष. व्यवसायाने सीए, वय चाळीसच्या आसपास. मनोरीला त्यांनी जुनं कॉटेज विकत घेतलं होतं, मागे छोटा पूल. सुट्टीच्या दिवशी बायको रश्मी आणि नऊ वर्षांची मुलगी इरा यांना घेऊन ते तिथे जायचे. एरवी कॉटेज सांभाळायच्या हिराकाकी, गावातल्याच कोळीणबाई, शेजारच्याच घरात राहणाऱ्या.

शिरीषना फोनवर चालणारी सिस्टीम हवी होती. "पार्ल्यात सोफ्यावर बसून मनोरीचा पंप चालू. झकास ना?" त्यांनी जाहिरातही आणली होती. काचेची चकचकीत टच स्क्रीन, आवाजावर चालणारे दिवे, सगळं इंटरनेटवर.

केतकीने वाद घातला नाही. त्यांना घेऊन ती पंपरूममध्ये गेली आणि म्हणाली, "सर, इथे उभं राहून मला फोन लावा." दोन मिनिटं ते फोन हातात धरून गोल फिरत होते. एक काडी रेंज नाही.

"वायफाय घेऊ की," शिरीष म्हणाले.

"घ्या. ॲपही देते. पण मेंदू इथे भिंतीवर पाहिजे, नेटवर नको. आणि सोमवार ते शुक्रवार पंप चालवणार कोण?"

"हिराकाकी."

"मग सिस्टीम त्यांना आवडायला हवी."

दुसऱ्या खेपेला तिने जाहिरातीतलं आणि स्वतःच्या पसंतीचं, अशा दोन्ही पॅनेलचे डेमो पिशवीत घालून नेले आणि हिराकाकींच्या ओट्यावर मांडले. काकी मासळी धुता धुता उठून आल्या. त्यांच्या ओल्या बोटांना ती टच स्क्रीन ओळखेचना. तीन वेळा दाबलं, काही नाही. मग दुसरं पॅनेल. दिसायला साधं, करड्या रंगाचं, पण खरी बटणं असलेलं. एकदा दाबलं, हिरवा दिवा लागला.

"यो बरा हाय," काकी म्हणाल्या. "दाबला का समजतं दाबला."

त्या पॅनेलची अजून एक गोष्ट केतकीला हवी होती. पंप कधी चालू झाला, कधी आणि कशामुळे बंद झाला, याची नोंद ते वेळेसकट ठेवतं. शिरीष तयार झाले. अडलं एकाच गोष्टीवर. केतकीला पूलच्या काठावर, भिंतीवर एक मोठं लाल बटण हवं होतं. दाबलं की पंप जागच्या जागी बंद.

"फॅक्टरी वाटते यार! पूलचा सगळा लुक जातो," शिरीष म्हणाले.

"सर, बटण नको असेल तर काम दुसऱ्या कोणाला द्या."

मी दचकलोच. तेवढं मोठं काम त्या महिन्यात दुसरं नव्हतं. पण ती इतकं शांतपणे बोलली, की शिरीष हसले आणि म्हणाले, "बरं बाई, लाव तुझं बटण." पोर मोठी झाली, असं आपण म्हणतो ना... मला ते त्या दिवशी दिसलं.

आता तो रविवार.

सकाळी आम्ही मार्वेहून फेरीने मनोरीला पोचलो. सुट्टी म्हणून शिरीष, रश्मी आणि इराही कॉटेजवर होते. पॅनेल आदल्या आठवड्यात बसलं होतं, बटणाचं काम राहिलं होतं. मी डबी भिंतीवर बसवली, लाल बटण पुढे लावलं आणि मागचा काँटॅक्ट काढून बघतो तर चुकीचा आलेला. काँटॅक्ट म्हणजे बटण दाबल्यावर वायर तोडणारा मागचा तुकडा. तो नाही, तर पुढचं बटण म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं टोपण.

केतकी म्हणाली, "गाळ्यात बरोबरचा आहे. मी घेऊन येते."

ती गेल्यावर मी डबीतल्या दोन्ही वायरींच्या टोकांना टेप गुंडाळली आणि त्या आत सारल्या. पॅनेलमध्ये जिथे या वायरी येणार होत्या, तिथे वायरचा एक छोटा तुकडा लावून ठेवला. आमच्या भाषेत लूप मारला. त्यामुळे पॅनेलला वाटतं, बटण जोडलेलं आहे आणि कोणी दाबलेलं नाही. थोडक्यात, त्या लाल बटणाचा पंपाशी काडीचा संबंध नव्हता. हे लक्षात ठेवा.

जाताना केतकीने दोनदा बजावलं होतं, "बाबा, मी येईपर्यंत कोणालाही पाण्यात सोडू नको."

मग मी पंप चालू करून एकेक पाइप लीकेजसाठी तपासत बसलो. पूलच्या भिंतीत, पाण्याखाली वीतभर, साफसफाईचा पाइप लावायचं एक जुनं तोंड होतं. त्याचं झाकण हरवलेलं. केतकीच्या उरलेल्या कामांच्या यादीत ते होतं. त्या पाइपचा व्हॉल्व्ह मी तपासणीसाठी उघडला, म्हणजे पंप आता त्या तोंडातून जोरात पाणी खेचत होता. तेवढ्यात हिराकाकींनी जेवायला हाक मारली. पंप चालू ठेवून मी निघालो.

काठावर इरा उभी होती. पोहण्याचा ड्रेस घालून, लांब वेणी पुढे घेऊन. "आजोबा, उतरू का? प्लीज ना..."

मी म्हणालो, "उतर गं. दहा मिनिटं फक्त."

हे वाक्य मी बोललो. मीच. व्हॉल्व्ह उघडा आहे, हे डोक्यातून पार गेलं होतं.

काकींच्या ओट्यावर पहिला घास घेतला असेल-नसेल, रश्मीची किंचाळी ऐकू आली. मी ताट टाकून धावलो. कुंपणाच्या फटीतूनच दिसलं... इराची वेणी त्या तोंडात ओढली गेली होती, डोकं पाण्याखाली होतं, आणि रश्मी कपड्यांसकट पाण्यात उतरून तिला खेचत होती. पंपाच्या ओढीपुढे माणसाची ताकद काही कामाची नसते. मी पंपरूमकडे पळत सुटलो. पळताना शिरीष दिसले. ते भिंतीपाशी पोचले आणि त्यांनी लाल बटणावर तळहात हाणला.

आणि मोटरचा आवाज खाली आला. उतरत उतरत... बंद.

मी अजून पॅनेलपासून आठ-दहा पावलं लांब होतो. पंपरूममध्ये कोणी नव्हतं. दिवा चालू, पंखा चालू, पॅनेलची स्क्रीन चालू. वीज गेली नव्हती. फक्त पंप थांबला होता.

बाहेर इरा खोकत होती, रडत होती. तो रडण्याचा आवाज नीट कानावर पडल्यावरच मी पॅनेलकडे वळलो.

पॅनेल उघडलं. माझा लूप जागेवर. ओढून बघितला, स्क्रू घट्ट. मोटर गरम होऊन ट्रिप झाली असेल म्हणून तेही पाहिलं. ट्रिप नव्हती. शेवटी स्क्रीनवरची नोंद वाचली. दुपारी एक बेचाळीस, पंप बंद, कारण : बाहेरचं स्टॉप बटण.

लूप असताना अशी नोंद होऊच शकत नाही. मी पॅनेलचं दार लावलं आणि गप्प राहिलो. खरं सांगतो, गप्पच राहणार होतो. शिरीष बायको-मुलीला मिठीत घेऊन बसले होते, आणि मधेच माझ्याकडे बघून हात जोडत होते. कसं सांगणार होतो?

सव्वादोनला केतकी आली. शिरीष फाटकापर्यंत धावत गेले, तिचे दोन्ही हात धरले. "केतकी, तुझ्या बटणाने माझी पोर वाचवली गं! मी त्याला नावं ठेवली होती..."

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. काँटॅक्ट तर तिच्या बॅगेत होता. ती पंपरूममध्ये जाऊन व्हॉल्व्ह बघून आली.

"बाबा, तो व्हॉल्व्ह कोणी उघडला?"

"मी."

"पाण्यात उतरायला कोणी सांगितलं?"

"मी."

तिने स्क्रूड्रायव्हर काढला, सरळ भिंतीपाशी गेली आणि डबी उघडली. टेप लावलेली दोन टोकं बाहेर काढून तिने शिरीष आणि रश्मीला दाखवली.

"सर, हे बटण जोडलेलंच नाही. पंप यामुळे बंद झालेला नाही, होऊच शकत नाही. व्हॉल्व्ह आमच्या माणसाने उघडा ठेवला. इराला परवानगी आमच्या माणसाने दिली. चूक माझ्या कामातली आहे."

आमच्या माणसाने. बाबांनी नाही. ते मला लागलं, आणि त्याच क्षणी ऊर भरूनही आला. दोन्ही एकदम.

रश्मी म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोकांनी माझ्या मुलीला..." इराला उचलून ती आत निघून गेली. ती रागावली ते बरोबरच होतं.

शिरीषना पटेना. "मी दाबलं आणि बंद झाला. माझ्या हाताखाली बंद झाला!"

"पुन्हा दाबून बघा," केतकी म्हणाली. तिने व्हॉल्व्ह बंद केला, पूलमध्ये कोणी नाही ना ते पाहिलं, डबी पुन्हा जशीच्या तशी लावली आणि पंप चालू केला.

शिरीषनी बटण दाबलं. पंप चालूच. परत दाबलं. चालूच. मग मुठीने हाणलं, दोनदा, तीनदा... पंप आपला घरघर करत चालूच राहिला. ते काठावर बसले.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"नसतं कळलं."

"मग आता जोड. मी इथेच बसतो."

तिने स्वतः जोडलं, मला हात लावू दिला नाही. त्या तोंडाला झाकण बसवलं, व्हॉल्व्हचा दांडा काढून घेतला. मग पंप चालू केला आणि शिरीषना म्हणाली, "आता." त्यांनी बोटाने हलकेच दाबलं. पंप थांबला. त्यांनी तो दहा वेळा थांबवून बघितला.

आता तुम्ही विचारणार तेच सांगतो. लूप ढिला असेल? पुढच्या खेपेला, पूल रिकामा असताना, मी तोच लूप परत लावून सहा तास पंप चालवला. पॅनेलवर थापा मारल्या, दार आपटलं. एकदाही थांबला नाही. पॅनेल बनवणाऱ्यांच्या इंजिनियरला नोंद पाठवली. तो म्हणाला, "काका, लूप असताना हे येणार नाही, तुम्ही बघायला चुकलात." चुकलो असेन. पण त्या दिवशी डबी आम्ही चौघांनी बघितली आहे. हिराकाकींनी एकदा गावदेवीच्या देवळाकडे बघून हात जोडले, पण त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळी परतीच्या फेरीत आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो. खाडीवर ऊन तिरपं आलं होतं. मीच विचारलं, "केतू, कशाला सांगितलंस गं? ते तर आभार मानत होते."

"बाबा, ते एका मेलेल्या बटणाच्या भरवशावर परत पोरीला पाण्यात सोडणार होते."

मला हे सुचलंच नव्हतं. छत्तीस वर्षं फोरमन असून.

मग तिने विचारलं, "पण तुला काय वाटतं? कसा बंद झाला असेल?"

लहानपणापासून तिने मला विजेबद्दल जे जे विचारलं, त्या प्रत्येकाचं उत्तर मी दिलं होतं. म्हटलं, "माहीत नाही."

"नक्की?"

"नक्की. शप्पथ, माहीत नाही."

"मग तसंच लिहिते," ती म्हणाली, आणि तिथेच लॅपटॉप उघडून बसली. क्लायंटला द्यायचा रिपोर्ट. आमच्या चुका तिने एकामागून एक लिहिल्या, माझी सगळ्यात वर. शेवटच्या रकान्यात 'पंप बंद होण्याचं कारण' असं होतं. तिथे दुसऱ्या कोणी व्होल्टेज, लूज काँटॅक्ट, काहीही ठोकून दिलं असतं. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. तिने 'माहीत नाही' एवढंच टाइप केलं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.