मास्तरची आई

पांढुर्ण्याच्या ज्या जिनिंगमध्ये आई कामाला होती, तिथून ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवरही कापूस असायचा. ऐंशीनंतरच्या एका हंगामात मालकानं खोकणाऱ्या बायकांना काढून टाकलं. आई त्यांच्यातच होती. त्या कामावर तिचा फार जीव होता. वडील गेल्यावर तिनं त्याच्यावरच आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, दादाला शिकवून सौंसरला मास्तर केलं.

बायकांनी गेटसमोर धरणं धरायचं ठरवलं. छिंदवाड्याहून आलेला झब्बेवाला पुढारी भांडवलशाहीवर बोलबोल बोलला. त्याचं संपल्यावर आईनं विचारलं, "भांडवलशाही म्हंजे आपलाच शेठ नं?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग कपड्यांची गोष्ट निघाली. कापूस चिकटलेल्या लुगड्यांत गेलो तर शेठ कुत्र्यासारखं हाकलेल, असं सगळ्यांचं मत पडलं. चांगलं म्हणून प्रत्येकीकडे एकच होतं, विहारात वंदनेला नेसायचं पांढरं लुगडं. तेच नेसून त्या निघाल्या. रस्त्यात लोक विचारत होते, आज पौर्णिमा आहे का? एकानं तर विचारलं, कोण वारलं? त्याचा मला अजून राग येतो.

सोबत दादा होता, इस्त्रीच्या शर्ट-पँटमध्ये. जीपमधून उतरलेले कामगार खात्याचे साहेब बायकांना ओलांडून थेट त्याच्याकडेच गेले.

"मास्तर, मजूर कुठं आहेत? ह्या तर चांगल्या घरच्या दिसतात."

"ही माझी आई आहे, साहेब," दादा छाती फुगवून म्हणाला.

शेठचा मुनीम मागंच उभा होता. "पोरगा मास्तर हाये, मंग इले कायले पाहिजे काम?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बायका रोजच्या फाटक्या लुगड्यांत बसू लागल्या. पुढं एकेक करून त्यांना परत घेतलं. आईला तेवढं घेतलं नाही. दादा पुन्हा पुन्हा विनवायला गेला. मुनीम त्याला खुर्ची द्यायचा, चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा. इतकी वर्षं राबूनही त्या गेटवर आईला कुणी कधी बस म्हटलं नव्हतं.

काम सुटलं तशी ती खचली. खोकला मात्र सुटला नाही. शेवटी तिला नागपूरला दाखवायला नेलं. दादानं तेच पांढरं लुगडं नेसायला लावलं. डॉक्टरांनी आधी लुगड्याकडे, मग दादाच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं.

"आई घरीच असतात ना?"

"हो," दादा म्हणाला.

आईनं तोंडावरचा पदर बाजूला केला.

"घरी नाई, बाप्पा. जिनिंगमधी कामाले आहो मी."

तिला काढून तेव्हा कितीतरी हंगाम उलटले होते. दादा खाली बघत राहिला, आणि मलाही तिला खोटं पाडवलं नाही.