नीलपंखाची शेपटी आणि सरकलेली अमावस्या

गेल्या वर्षी मी अमावस्या एक दिवस अलीकडे सरकवली. चित्रासाठी ते गरजेचं होतं, असं माझं आजही म्हणणं आहे.

आधी खिळ्याचं सांगतो. मुरूम गावात आमच्या घरी पुढच्या खोलीत एकच खिळा आहे. त्यावर वर्षानुवर्षं खताच्या दुकानातून फुकट मिळणारं कॅलेंडर लटकत आलं. वर दुकानदाराचा हसरा फोटो, खाली तारखा. मला फोटोग्राफीचा नाद. स्टेशनरीचं दुकान बायकोवर सोपवून मी कॅमेरा घेऊन कुठल्या तरी माळावर पालथा पडलेला असतो. (आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी मला उभा असा पाहिलेलाच नाही.) तर वर्षभराचे माझे आवडते बारा फोटो निवडून मी स्वतःचं कॅलेंडर छापून घेतलं. जोंधळ्याच्या कणसावर लोंबकळणारी सुगरण, तळ्याकाठी एका पायावर उभा बगळा, करडईच्या काट्यावरची गोगलगाय, आणि डिसेंबरच्या पानावर माझा जीव की प्राण, बाभळीवरून झेप घेणारा नीलपंख!

आई म्हणाली, "चिमण्या-कावळे भितीवर कशाला? अंगणात हायत की. मला अमावस्या-पुनव दिसली पायजे."

"सगळं आहे त्यात. एकूण एक तिथी मी स्वतः भरलीय."

"एक जरी सण चुकला तर खिळा दुकानदाराचा. आन् तुजा कॅमेरा माळ्यावर."

"मंजूर," मी म्हणालो. आईचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल, हे ठाऊक असूनही म्हणालो.

आता नीलपंखाचं. त्याची शेपटी फोटोत मावेना. शेपटी कापणारा फोटोग्राफर मी नव्हे. मी ती खाली तारखांच्या चौकटींत उतरू दिली, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं, पक्षी आत्ता पानातून बाहेर पडतोय. पण शेपटीच्या नेमक्या टोकावर अमावस्येचा काळा ठिपका आला. एवढ्या निळ्या रंगावर तो माशी बसल्यासारखा दिसत होता. मी तो उचलला आणि डावीकडच्या चौकटीत ठेवला. घरच्यांना तोंडी सांगू, असं ठरवलं होतं. पण डिसेंबर येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात राहणार?

आणि ही काही साधीसुधी अमावस्या नव्हती. ती वेळा अमावस्या होती, आमच्याकडची येळवस. त्या दिवशी आमच्या भागात गावात कोणी राहत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, आणि मग तुरी-पावट्या-हरभऱ्याची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे नि गाडगंभर आंबील. या भज्जीची भाजी निवडायला आदला अख्खा दिवस जातो. वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात.

आदल्या दिवशी भाजी आणायला गेलो तर बाजार ओस. मला आनंद झाला. लोकांना शेवटच्या घडीला धावपळ करायची सवयच असते! घरी बायको, सुनंदा, तुरीच्या शेंगा सोलताना म्हणाली, "अहो, शेजारी तर कायच हालचाल न्हाय."

"त्यांचं सगळं उशिराच असतं."

"समोरचेबी बसलेत निवांत."

"सुनंदा, कॅलेंडर कुणी केलंय?"

"म्हणूनच इचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

सोलापूरहून माझा मेहुणा संजय खास रजा टाकून बायकोसह आला होता. मीच त्याला फोन करकरून बोलावलं होतं. सकाळी आम्ही भांडी, चटया, पांडव आणि आई असं सगळं टेम्पोत भरून शेताकडे निघालो. रस्त्यात माणूस नाही, गाडी नाही.

"दाजी, सगळी माणसं गेली कुठं?" संजयनं विचारलं.

"आपण पहिले आहोत," मी अभिमानानं म्हणालो. ते अगदी खरं होतं.

कोप झाली, पूजा झाली. मग रिवाजाप्रमाणे मी पिकातून आंबील शिंपडत "ओलगे, ओलगे" ओरडत फिरलो. अशी हाक दिली की चारी बाजूंच्या शेतांतून उलट हाका येतात. मी थांबून कान दिला. लांबच्या बांधावरून एक तित्तर ओरडलं.

"तित्तरानं तरी मान राखला, दाजी," संजय म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या शेताचा शिवप्पा बांधावरून आला. येळवशीला कुणी कामाला हात लावत नाही, आणि याच्या पाठीवर फवारणीचा पंप! आमची कोप, पांडव, भज्जीचं पातेलं असं सगळं त्यानं सावकाश पाहून घेतलं.

"अण्णा, आज काय कार्यक्रम काढलाव?"

"येळवस की, शिवप्पा. तुम्ही फवारणी कसली करताय?"

"येळवस उद्या हाय," शिवप्पा म्हणाला. मग जरा विचार करून, माझी लाज राखावी म्हणून, त्यानं जोडलं, "तुमच्यात आधीच करत्यात का?"

सुनंदानं हळूच पातेल्यावर झाकण ठेवलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मला शेपटीचं आठवलं. तरी मी म्हणालो, "पण तो ठिपका तिथं फार वाईट दिसत होता."

"वाढ," आई सुनंदाला म्हणाली.

आम्ही जेवत होतो. शिवप्पालाही बसवलं होतं, रिवाज म्हणजे रिवाज. तेव्हा हरभऱ्यातून एक काळवीट बाहेर आलं. येळवशीला शिवारात एवढा गलका असतो की काळविटं पार लांब पळतात. आज होती सगळीकडे सामसूम. ते चालत चालत आमच्या कोपीपाशी आलं, पांडवांसमोर उभं राहिलं आणि तिथं वाहिलेल्या ओंब्या खायला लागलं. काळी कुळकुळीत पाठ, पीळदार शिंगं आणि मागं चुन्याचे पांढरे पांडव! एवढ्या वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"काढ," आई हळूच म्हणाली. "उद्यापास्नं माळ्यावरच हाय त्यो."

मी पालथा पडलो आणि काढला.

दुसऱ्या दिवशी खरी येळवस झाली. रात्रीत बातमी शिवारभर पोचली होती. प्रत्येक कोपीतून कुणी ना कुणी हाताला धरून मला जेवायला बसवत होतं आणि विचारत होतं, "कालची भज्जी कशी झालती?" नव्या भज्जीच्या सगळ्या शेंगा मी एकट्यानं सोलल्या होत्या. नखं आठवडाभर हिरवी होती.

जानेवारीत खिळ्यावर खताच्या दुकानाचं कॅलेंडर लागलं. आईनं माझा काळविटाचा फोटो बराच वेळ न्याहाळला आणि खळ लावून सरळ दुकानदाराच्या तोंडावर चिकटवला. "ह्यो आपल्या कोपीवर आलता," ती म्हणाली. म्हणजे चित्र माझं, तिथी दुकानदाराच्या. मी याला विजय मानतो. कॅमेरा कबूल केल्याप्रमाणे माळ्यावर आहे. शिडी मात्र कुठे ठेवायची हे ठरलेलं नव्हतं, ती माझ्या खाटेखाली आहे.

परवा शिवप्पा दुकानात आला. औंदाची येळवस कधी, असा विषय निघाला. मी ताठ मानेनं म्हणालो, "थांबा, आत जाऊन कॅलेंडर बघतो."

"कॅलेंडर कशाला, अण्णा?" शिवप्पा म्हणाला. "तुमी भांडी घिऊन शेताकडं निघालाव की आमी भाजी निवडाया बसतो."