अण्णाचा रिपोर्ट

माझ्या मोठ्या भावाबद्दल माझ्या मनात जे आहे, त्याला राग हा शब्द अपुरा पडतो. त्याला मी अण्णा म्हणतो. म्हणजे म्हणायचो. तो सोलापुरात वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, पेंडीचं दुकान चालवतो आणि मी चिंचोळी एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दुकानापासून कारखान्यापर्यंत स्कूटरवर अर्धा तास लागतो. तरी गेली आठ वर्षं आम्ही एकमेकांशी सरळ एक वाक्य बोललेलो नाही.

मी लहानपणापासून जाड. अप्पा सडपातळ, अव्वा, म्हणजे घरच्या कानडीत आई, तीही सडपातळ, आणि अण्णा तर असा की शर्ट खोचला की कमरेला पट्टा दोनदा फिरेल. तो सोमवार कडक पाळायचा, ताटात वाढलेलं उरवायचा आणि त्याचाही त्याला अभिमान होता. दुकानात सरकी पेंडीची पोती रचलेली असायची. गिऱ्हाईक आलं की तो माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "हे पोतं तेवढं विकायचं न्हाय, घरचं हाय." गिऱ्हाईक हसायचं. अप्पाही हसायचे. मी गल्ल्याशेजारी उभा राहून हसल्यासारखं करायचो.

मला भूक लागायची, हे त्यांच्यापैकी कुणालाच खरं वाटायचं नाही. दोन भाकरी, आमटी, भात खाऊन उठलो की हात वाळायच्या आत पुन्हा खावंसं वाटायचं. वर्गात फळ्यावर काय लिहिलंय ते दिसायचं नाही, घरी डब्यात किती शेंगापोळ्या उरल्यात ते आठवायचं. एकदा पाहुण्यांसाठी केलेल्या पोळ्या मी उभ्याउभ्या संपवल्या. दुसऱ्या दिवशी अण्णाने स्वयंपाकघरातल्या फडताळाला कुलूप आणून लावलं. किल्ली अव्वाच्या कमरेला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो आणि शेंगाचटणी हवी असली तर आईकडे किल्ली मागत होतो.

शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या फलकावर एक सूचना लागली. शहरातल्या एका रुग्णालयात तरुण मुलांची तपासणी करायची होती. भुकेची हार्मोन्स रक्तात किती आहेत, आणि अंगात चरबी किती, स्नायू किती. मी त्याच दुपारी गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम बोलायला रोखठोक होत्या. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, कंबर मोजली आणि विचारलं, "घरात सगळे असेच?"

"न्हाय मॅडम. मी एकटाच."

"सख्खा भाऊ आहे? सडपातळ? मग त्यालाही आण. मला दोन्ही प्रकारची मुलं हवीत."

अण्णा येईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्याचं लग्न ठरवायचं चाललं होतं, अक्कलकोटकडचं स्थळ आलं होतं, आणि फुकटात सगळी तपासणी होतेय म्हटल्यावर तो तयार झाला. "तुजं काय निघतंय ते बी बगायचंय की मला," तो म्हणाला.

रात्रीपासून उपाशी राहून आम्ही सकाळी सातला तिथे पोचलो. आधी एकेकाला मशीनखाली झोपवलं. ते मशीन हाडं, चरबी आणि स्नायू वेगवेगळे दाखवतं. मग खुर्च्यांवर शेजारीशेजारी बसवून हाताला सुई लावली, रक्त घेतलं आणि दोघांना वजन करून सारखंच उप्पीट दिलं. खाऊन झाल्यावर दर अर्ध्या तासाने पुन्हा रक्त. प्रत्येक वेळी हातात एक कागद द्यायचे. त्यावर एक आडवी रेघ होती. एका टोकाला 'अजिबात भूक नाही', दुसऱ्या टोकाला 'फार भूक'. आपल्याला जिथे वाटेल तिथे फुली मारायची.

मी खरं तेच लिहायचं ठरवून गेलो होतो. उप्पीट संपवून अर्धा तास झाला आणि मी फुली जवळजवळ 'फार भूक'वर मारली. अण्णाने मान लांब करून पाहिलं आणि खदाखदा हसला. "सिस्टर, ह्याला पातेलंच आणा की!"

सिस्टरही हसली. मॅडम आतून आल्या. "शेजारच्याचा कागद बघायचा नाही. कुणालाच दुसऱ्याचं काही कळायला नको, हा इथला नियम आहे." अण्णाने मान वळवली, पण निघेपर्यंत माझ्याकडे बघून गाल फुगवत राहिला.

महिन्याभराने मॅडमनी मला बोलावलं. समोर आलेख ठेवला. पोट रिकामं असताना घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि खाल्ल्यावर ते खाली येतं. माझं फारसं खाली येत नव्हतं. दुसरं लेप्टिन, ते चरबीतून येतं आणि मेंदूला 'आता पुरे' म्हणून सांगतं. माझ्या अंगात ते भरपूर होतं, पण मेंदू त्याचं ऐकत नव्हता.

"म्हणजे माझी चूक न्हाय?" मी विचारलं.

"असं मी म्हटलेलं नाही. तुझी भूक खोटी नाही, एवढंच म्हणतेय. चालायला जायला तुला हार्मोनने अडवलंय का?"

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला आठवली ती पोती, ते कुलूप, सिस्टरचं हसू. डोकं तापलं. निघताना मॅडमनी एक चिकटवलेलं पाकीट दिलं. "हे भावाचं. त्यालाच दे आणि मला भेटायला सांग. आठवड्यात यायला हवं."

शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या, तर कदाचित मी पाकीट फोडलं नसतं. कदाचित फोडलंही असतं. रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या गाड्याशेजारी उभं राहून मी ते वाचलं. रसायनशास्त्राच्या मुलाला कळण्याइतकं ते सोपं होतं. अण्णाचं वजन ठीक, पण चरबी त्या वजनाला न शोभणारी, सगळी पोटाच्या आत. स्नायू कमी. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

घरी आलो तर मामा बसलेले. स्थळ त्यांनीच आणलं होतं, मुलगी त्यांच्या साडूची. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची होती. जेवायला पानं मांडली होती. मी बसलो, तसा अण्णा मामांना म्हणाला, "मामा, जरा सरकून बसा. पोतं आलंय."

मामा हसले. मी खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागलो. चरबीचं वाचलं, पोटाचं वाचलं. अण्णाला आधी कळलंच नाही की हे त्याचं आहे. साखरेपाशी आलो तेव्हा मी थांबून मामांकडे पाहिलं आणि त्यांना नीट कळेल अशा शब्दांत सांगितलं. ते मी मुद्दाम केलं.

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी अव्वाला कानडीत विचारलं, "शुगर ऐतेनु?" शुगर आहे का, म्हणून. अव्वा माझ्या हातातल्या कागदाकडे बघायला लागली.

"अजून न्हाय, व्हईल," मीच सांगितलं.

अण्णाने समोरचा तांब्या उचलून फेकला. माझ्या भुवईवर खोक पडली. मी ताटं तुडवत त्याच्या अंगावर गेलो आणि त्याला भिंतीशी दाबून धरलं. वजनाचा उपयोग झाला. अप्पा आणि मामांनी मिळून मला ओढलं. अप्पा म्हणाले, "कपडे घे आन् निघ. भावाचं वाटोळं करनारा मला पोरगा नको."

"मला पोतं म्हणत होता तेव्हा कुटं होता तुमी?" मी विचारलं. भुवईतून रक्त गळत असताना मी बॅग भरली.

आठ दिवसांत स्थळ मोडलं. मुलीच्या वडिलांना साखरेपायी पाय गमवावा लागला होता, असं पुढे कळलं. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर वाचलं नसतं, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. अण्णाने रुग्णालयात जाऊन मॅडमसमोर आरडाओरडा केला. त्यांनी मला बोलावलं आणि उभ्यानेच सुनावलं, "त्याने तुझा कागद बघितला तेव्हा तुला राग आला होता ना? तू तर त्याचा कागद बाजारात नेलास." माझं नाव त्यांनी तपासणीतून काढून टाकलं. त्यांचं बरोबर होतं. तरी त्या बाईंचाही मला राग येतो.

नंतर अण्णा रोज पहाटे चालायला लागला. त्याला शुगर झाली नाही. तीन वर्षांनी दुसरीकडे लग्न झालं, मला पत्रिका आली नाही. मीही चालतो, मोजून खातो. थोडा उतरलो, पण भूक अजून तेवढीच लागते. कारखान्याच्या कँटीनमध्ये दुसऱ्यांदा वाढून घेताना मी आजही आधी मागे वळून बघतो.

मागच्या वर्षी अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रुग्णालयात आम्ही दोघे एकाच बाकाच्या दोन टोकांना तीन तास बसलो. अव्वाला बाहेर आणल्यावर अण्णाने डबा उघडला. "दोगं मिळून खावा रे," डोळ्याला पट्टी बांधलेली अव्वा म्हणाली.

"त्याला सांग," अण्णा तिला म्हणाला, "डबा दोगांचाच हाय. तुजा आन् माजा."

त्याची माफी मागावी असं मला कधी वाटलं नाही. त्या न पाहिलेल्या मुलीची आणि तिच्या वडिलांची मागावीशी वाटते, पण ते कुठे राहतात हेही मी विचारलेलं नाही. अव्वाच्या औषधांची चिठ्ठी घेतली, खालून औषधं आणून तिच्या उशाशी ठेवली, आणि दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेलो.