पाऊण तासाची फीत

फीतवाल्यांना खोटं बोलायची सवय अजिबात नव्हती, म्हणूनच जे एक खोटं बोलले ते त्यांना सव्वीस वर्षं पुरलं. सराईत माणूस असता तर आठ दिवसांत विसरून गेला असता.

धंदा म्हणाल तर त्यांचा रेडिओ दुरुस्तीचा. बाजारामागच्या गल्लीत चपलांच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान. एक टेबल, एक खुर्ची, आणि तिन्ही भिंतींना आतडी बाहेर काढून ठेवलेले रेडिओ. पण त्यांना लोक ओळखायचे ते संगीत महोत्सवाचे फीतवाले म्हणून. गिरणीच्या रिकाम्या गोदामात दर थंडीत तीन दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गाणं-वाजवणं चालायचं. लांबलांबून माणसं यायची, आणि जागा नाही मिळाली तर दारात उभी राहून ऐकायची. स्टेजच्या डाव्या अंगाला, पडद्याआड, स्टुलावर हे बसलेले. पुढ्यात दोन चक्रांचं यंत्र. अठरा वर्षं तिथलं प्रत्येक गाणं त्यांनी फितीवर उतरवलं.

त्यांची कामाची एक रीत होती. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं गाणं ऐकायचं नाही, यंत्रावरचा आवाजाचा काटा बघायचा. काटा तांबड्यात गेला की बटण खाली, फारच पडला की वर. फितीची एक बाजू पाऊण तास चालते. चाळीस मिनिटं झाली की हात तयार ठेवायचा, गाणारा दम घ्यायला कधी थांबतोय ते बघायचं, आणि अकरा सेकंदांत फीत उलटी करून पुन्हा चालू करायची. अकरा म्हणजे अकरा. कोणी विचारलं, काय हो, आज गाणं कसं झालं, तर म्हणायचे, "मला काय ठाऊक. मी ऐकायला बसलो तर काम कोण करणार, तुमचे आजोबा?"

महोत्सवाच्या शेवटच्या वर्षी, शेवटच्या दुपारी, मोठ्या बाई गायल्या. त्या गाण्याची कीर्ती काय सांगावी. गोदामात सहाशे माणूस मावायचं, पण 'त्या दिवशी मी होतो' म्हणणारे आज मोजले तर पाच हजार भरतील, आणि त्यातले काही तर तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. बाई जवळजवळ दोन तास गायल्या. पहिला पाऊण तास भरता भरता त्यांनी एक ओळ वर नेली, तिथंच उभी ठेवली, आणि मग अशा काही वाटेनं खाली आणली की फीतवाल्यांची मान काट्यावरून वर उठली. तेवढंच झालं. परत खाली बघितलं तेव्हा गाणं संपून अख्खं गोदाम टाळ्या वाजवत उभं राहिलं होतं, आणि संपलेल्या फितीचं शेपूट चक्राबरोबर फट् फट् करत फिरत होतं. तासभर फिरत असणार.

महोत्सवाचे चिटणीस डोळे पुसत पडद्याआड आले. "घेतलंस ना रे?" त्यांनी विचारलं.

फीतवाल्यांनी मान हलवली. तोंडानं हो म्हणाले नाहीत, नुसती मान. पण मान ती मानच.

चिटणीस त्याच उन्हाळ्यात गेले आणि महोत्सवही त्यांच्याबरोबर गेला, कारण सगळ्यांच्या दारात जाऊन हातापाया पडणारे तेच एक होते. मागं राहिली आख्यायिका, आणि फीतवाल्यांच्या कपाटात एक खोका. त्यातल्या फितीच्या एका बाजूला पाऊण तास गाणं, दुसरी बाजू कोरी. कोणी ऐकवा म्हणालं की उत्तर ठरलेलं, "फीत नाजूक झालीय, एकदा लावली की तुटलीच समजा." झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकही हळूहळू विचारायचे थांबले.

मग पुतणीच्या डोक्यात महोत्सवाचं वारं शिरलं.

पुतणी दातांची डॉक्टर. बोलायला गोड आणि हट्टाला पक्की. अर्धेअधिक कार्यकर्ते तिनं दवाखान्याच्या खुर्चीतच मिळवले म्हणतात, कारण तोंड उघडं असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. गोदामात आता बॅडमिंटन चालायचं, ते तिनं तीन दिवसांसाठी मिळवलं. तिशीच्या आतली गाणारी, वाजवणारी मंडळी जमवली. आणि एका रविवारी सकाळी काकांच्या घरी येऊन पत्रकांचा गठ्ठाच टेबलावर ठेवला. वर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: सुरुवात त्याच गाण्यानं, सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा.

"फीत तुटेल," फीतवाले म्हणाले.

"नाही तुटणार. माझा एक पेशंट जुन्या फितींचंच काम करतो. काका, आमच्या वयाच्या कोणी ते ऐकलेलं नाही. नुसतं तुमच्या पिढीकडून ऐकून ऐकून कान किटलेत. एकदा ऐकवू तरी."

"विचारायचं तरी आधी."

"तुला विचारायचं काय? तू तर खूशच होशील." पुतणी काकाला अरेतुरेच करायची, लाडकी होती.

फीतवाल्यांची पाचावर धारण बसली. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कपाट उघडलं. त्या दुपारच्याही चार वर्षं आधीचं बाईंचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होतं, हेच गाणं, दोन्ही बाजू भरलेल्या. ती फीत त्यांनी या खोक्यात घातली आणि या खोक्यातली त्या. कोणाला कळणार होतं? मागं बघतात तो काकू दारात. त्यांचं लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती.

"घाला, घाला," काकू म्हणाल्या. "मी काही बघितलं नाही. पण कान लाल झालेत तुमचे, तेवढे झाका."

तरीही निभावलं असतं. पण पुतणी म्हणाली, बाईंची परवानगी घ्यायला हवी. बाई आता त्र्याऐंशीच्या, दोन खोल्यांत राहायच्या, गाणं केव्हाच थांबलेलं. शिकायला म्हणून आलेली बावीसेक वर्षांची एक मुलगी त्यांच्याजवळ असायची, तीच काय ती सोबत. परवानगीचं नाव काढताच बाई म्हणाल्या, "देते की. पण आधी मला ऐकवा. आयुष्यभर लोक मला त्या दुपारबद्दल सांगत आलेत. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. गाणाऱ्याला कुठं ऐकू येतं?"

झालं. फीतवाल्यांनी यंत्र त्यांच्या टेबलावर मांडलं, फीत ओवली. दोनदा निसटली. गाणं सुरू झालं. बाई डोळे मिटून बसल्या, पुतणी जमिनीवर मांडी घालून. तीन मिनिटं झाली असतील नसतील, बाईंनी हात वर केला.

"बंद करा. हे त्या वर्षीचं नाही."

"त्याच वर्षीचं, बाई," पुतणी म्हणाली. "खोक्यावर तारीख आहे."

"खोक्यावर काही का असेना. मागं साथीला माझी बहीण आहे. त्या वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, मी एकटी गायले. म्हणून तर एवढी लांबले. मला आवरायला मागं कोणी नव्हतं." मग त्यांनी फीतवाल्यांकडे बघितलं. "फीतवाले, ती फीत कुठाय?"

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फीतवाल्यांनी सगळं सांगितलं, काटा, वर उठलेली मान, फिरणारं शेपूट, चिटणिसांपुढं हललेली मान. यंत्राकडे बघत सांगितलं, माणसांकडे बघायची हिंमत होईना. "पहिला पाऊण तास आहे. पुढचं काही नाही. चूक माझी, आणि चुकीपेक्षा मोठं पाप म्हणजे लपवलं ते."

पुतणी उठून खिडकीशी गेली. "पत्रकं वाटून झालीत, काका," एवढंच म्हणाली, पाठमोरी.

"मला वाटलं होतं, मरायच्या आधी एकदा ऐकीन," बाई म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर फीतवाल्यांना सोसलं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, आणि ते ऐकून फीतवाल्यांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"मग तासभर करत काय होतात?" बाईंनी विचारलं.

"ऐकत होतो."

"आठवतंय?"

"सगळं. रोज आठवतं."

"म्हणून दाखवा."

फीतवाल्यांचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. जन्मात ते कोणासमोर गायले नव्हते; न्हाणीघरातसुद्धा काकू नळ सोडायला सांगायच्या. पण आता कशाची लाज राहिली होती? त्यांनी घसा खाकरला आणि ती ओळ वर नेली, म्हणजे जिथवर जाईल तिथवर नेली, थांबवली, आणि आठवत होती तशी खाली आणली.

"छे," बाई म्हणाल्या. "अशी जागा मी घेतच नाही. एवढ्या वरून येताना मध्ये कुठंतरी टेकायला हवं."

"तुम्ही टेकला नाहीत."

"मला सांगताय? पन्नास वर्षं गायले मी."

"बाई, तुम्ही गायलात, पण ऐकलं मी. तुम्ही टेकला नाहीत."

मघाशी मान वर न करणारा माणूस आता हटायला तयार नव्हता. पुतणी खिडकीतून वळून बघायला लागली. बाईंनी नाक मुरडलं, आणि मग ओठातल्या ओठात, तुटक आवाजात, ती जागा घेऊन बघितली. पहिल्यांदा जमली नाही. दुसऱ्यांदा घेतली, न टेकता. आणि त्या तशाच बसून राहिल्या, हात मांडीवर.

"घेतली असेन," त्या हळूच म्हणाल्या. "माझीच आहे. अशी बेशिस्त दुसरं कोण करणार?"

स्वयंपाकघराच्या दारातून तीच जागा पुन्हा आली, मोकळ्या आवाजात, स्वच्छ. शिकणारी मुलगी हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती. तिला कोणी म्हण म्हणालं नव्हतं.

पुतणी चार दिवस काकांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी दुकानात आली, उभ्या उभ्या म्हणाली, "पहिला पाऊण तास लावायचा. फीत संपली की तू उठायचंस आणि काय झालं ते लोकांना सांगायचंस. माझ्या तोंडून नाही, तुझ्या तोंडून. तिथून पुढं ती मुलगी गाईल."

"लोक काय म्हणतील?"

"ते मला सव्वीस वर्षं आधी विचारायचं होतंस. तेव्हा मी तीन वर्षांची होते, पण तरी."

पुढचे दोन महिने मंगळवारी आणि शुक्रवारी फीतवाले बाईंच्या घरी. बाई आणि ती मुलगी गाणार, आणि हे खुर्चीत बसून सांगणार, इथं जरा उशिरा, इथं आवाज आणखी बारीक होता. बाई वैतागायच्या. "माझं गाणं मलाच शिकवताय," म्हणायच्या, आणि मग शिकायच्या. मुलगी निमूटपणे सगळं उचलत होती. एकेक ओळ पक्की झाली की फीतवाल्यांना त्या रात्री झोप लागायची. गाण्यातला उरलेला तास थोडा थोडा करून परत येत होता, आणि त्यांना एकच धाकधूक होती, की तो त्या दुपारी जसाच्या तसा उभा राहायला हवा. राहिला नाही, तर आपल्या हातून गाणं दुसऱ्यांदा गेलं.

महोत्सव भरला. बॅडमिंटनचं जाळं काढलेलं, पण जमिनीवरचे पांढरे पट्टे तसेच. पोरंपोरी पट्ट्यांवर दाटीवाटीनं बसलेली, मागं खुर्च्यांवर म्हातारी मंडळी. यंत्र स्टेजच्या मधोमध. पाऊण तास गोदामात कोणी हललं नाही. मग सूर वर चढता चढता फीत संपली.

फीतवाले उठले, माईकपाशी गेले. "इथून पुढं रेकॉर्डिंग नाही," ते म्हणाले. "मी ऐकत बसलो आणि फीत उलटायची राहिली. चिटणिसांना आणि तुम्हा सगळ्यांना घेतलंय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं." आणखी बोलायचं त्यांनी पाठ केलं होतं, ते तिथंच सोडून दिलं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्हाला उल्लू बनवलंस," मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, आणि निघून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. जाणाऱ्यांना फीतवाल्यांनी अडवलं नाही. ते खाली येऊन पहिल्या रांगेत बाई आणि काकूंच्या मध्ये बसले.

मुलीनं फीत संपली होती तिथूनच सूर धरला. ओळ वर नेली, उभी ठेवली. फीतवाले पुढं झुकले, ओठ हलायला लागले. आता न टेकता खाली. आणि पोरगी खाली आलीच नाही. ती आणखी एक पायरी वर गेली, तिथून भलतीकडंच वळली, आणि कोणी न शिकवलेल्या वाटेनं, सावकाश, घरी आली. गोदामातली पोरं एकदम श्वास सोडावा तशी हलली.

"चुकली का हो?" फीतवाल्यांनी बाईंना विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष स्टेजवरून हटत नव्हतं. "मीच तिला सांगितलं होतं, आमचं सगळं नीट पाठ कर, आणि मग कंटाळा आला तर तुझं घे."

फीतवाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही, ऐकत राहिले. काकूंनी कोपरानं ढोसलं. "अहो, लोक बघतायत."

"बघू देत," फीतवाले म्हणाले.