अंधेरीच्या दुकानातली आरती

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मी अंधेरीला जाऊन काय दिवे लावले ते मंडळात सांगत होतो, तेव्हा आमच्या पेटीवाल्याच्या तोंडातला चहा सरळ माझ्या सदऱ्यावर आला. धुतलेला सदरा होता हो.

मी कांजूरमार्गचा. मूळ कणकवलीकडचा. वडील गिरणीत आले, त्यांच्या मागून मीही लूमखात्यात लागलो. गिरणी गेली तेव्हा एका सोसायटीच्या गेटवर बसलो. आता घरात बसतो. शिक्षण म्हणाल तर पाटी वाचण्यापुरतं, तेही पाटी मोठी असेल तर. पण भजनी मंडळात झांज वाजवतो, ती मात्र आजवर कुणी हातातून काढून घेतलेली नाही.

तर माझी नात सायली अंधेरीला एका हेडफोनच्या दुकानात लागली. हेडफोन म्हणजे पोरं कानात खुपसतात त्या चिंचोक्यांसारखे नव्हेत. डोक्यावरून घ्यायचे, दोन कानांवर दोन वाट्या, मागे लांबलचक वायर.

"महाग असतात का गं?"

"खूप."

"म्हणजे कितीला?"

"ते नाही सांगणार आजोबा. कळलं तर तुम्ही हात लावणार नाही."

मला पटलं. मी परत विचारलं नाही.

सायली तिथे बोलीवर होती. काम बघून ठेवायचं की नाही ते मालक ठरवणार. मालक केतनभाई, माणूस बरा, पण धंद्याला पक्का. आणि दुकानात एक गिऱ्हाईक अडकलेलं. पार्ल्याचे एक साहेब, रिटायर झालेले, गाण्याचे शौकीन. दर आठवड्याला यायचे, तोच एक हेडफोन तासभर ऐकायचे आणि "विचार करतो" म्हणून निघून जायचे. शेवटी केतनभाई सायलीला म्हणाला, "ये साहब को तू समजव. झालं तर तुझी नोकरी पक्की. नाही झालं तर बघू." त्या "बघू"चा अर्थ तुम्हाला-मला कळतो.

सायलीने साहेबांना विचारलं, "काका, नक्की अडतंय कुठे?"

साहेब म्हणाले, "तुम्ही विकणारे, तुम्ही छानच म्हणणार. मी पडलो हौशी, मला चांगलंच वाटणार. ज्याला यातलं काही ठाऊक नाही अशा साध्या माणसाने ऐकून सांगितलं तर मी मानीन."

ज्याला काही ठाऊक नाही असा माणूस. पोरीला लगेच मी आठवलो.

निघताना आमच्या हिने दारातच सांगून ठेवलं, "थंय जावन गप बसा. इचारतीत तेवढ्याच सांगा."

"मी काय जास्त बोलतो?"

"बोलणा नाय. तुमी करतास."

चाळीस वर्षांच्या वर संसार झाला. माणसाला माणूस कळतोच.

घाटकोपरवरून मेट्रोने अंधेरी. दुकान कसलं, डॉक्टरची खोली म्हणा. गार हवा, भिंतीला गादीसारखं काही लावलेलं, बोललेलं भिंतीतच मुरून जात होतं. मध्ये एक खुर्ची, पुढे टेबल. टेबलावर काळं मशीन. त्याच्या पाठीवर दोन काचेचे छोटे बल्ब पिवळे मंद पेटलेले, आणि शेजारी हवा जायला बारीक बारीक फटी.

"याला हात नका लावू हं आजोबा," सायली म्हणाली. "गाण्याला ताकद देतं ते मशीन. गरम असतं."

केतनभाई म्हणाला, "आवो काका, बैठो आरामसे."

साहेब समोर खुर्ची ओढून बसलेच होते. पांढरा शर्ट, गोरा चेहरा, हाताची घडी. परीक्षेला बसल्यासारखं मला वाटलं. पण परीक्षा माझी नव्हती, पोरीची होती.

सायलीने हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. "चष्मा काढा. काड्या आड येतात, आवाज गळतो. आणि घाबरू नका, वाट्या जाळीच्या आहेत, आम्ही बोललेलं तुम्हाला ऐकू येईल."

चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय मला माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही.

पहिलं गाणं लावलं, गाणं कसलं, साहेबी वाजंत्री. शंभर माणसं एकदम वाजवतायत. आणि काय सांगू, एक सारंगीसारखं काहीतरी माझ्या डाव्या खांद्यामागे वाजलं आणि मी मान वळवून बघितलं की कोण बसलाय. कोणी नव्हतं.

"काय वाटलं?" साहेबांनी विचारलं.

"माणसं खूप आहेत," मी म्हणालो, "पण कुणाचा कोपर कुणाला लागत नाही."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. सायलीने मला चिमटा काढला, म्हणजे बरं चाललंय.

मग पोरांचं ते धडाडधूम लावलं, विजेच्या गिटारीचं. ते ऐकून तर मी हरखलो. आमचं लूमखातं. कापड विणायचे सगळे साचे चालू, कानठळ्या, आणि त्या कल्लोळातही एका साच्याचा ठोका चुकला तर कळेल असं स्वच्छ. मी म्हणालो, "दिवसभर ऐकेन. पगार मिळाला तर."

केतनभाई हसला. चहा मागवला.

मग एक भोंग्यासारखा बाजा, एकटाच, उदास उदास. वाजवणारा मध्येच श्वास घ्यायचा तोही ऐकू यायचा. मी म्हणालो, "याला सर्दी आहे."

साहेब म्हणाले, "अहो, मी इतक्या वेळा ऐकलं हे, माझ्या लक्षात नाही आलं."

"तुमी गाणं ऐकत होता साहेब. मला गाणं कळेना, म्हणून मी माणूस ऐकला."

मग लावणी. घुंगरू इतके जवळ वाजले की मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, उगाच बाईचा पाय पडायला नको. साहेब खळखळून हसले. मला चढत चालली होती बघा. दारू नाही, ऐकण्याची. सत्तरी ओलांडल्यावर आपले कान नवे होतील असं कुणाला वाटतं का?

आणि इथेच साहेब म्हणाले, "आता यांच्या ओळखीचं काहीतरी लावा. खरी परीक्षा ओळखीच्या सुरांवरच होते."

सायलीने लावली आरती. कोकणातल्या कुठल्याशा देवळात, आरती चालू असताना रेकॉर्ड केलेली.

पहिली झांज वाजली आणि अंधेरी गेली. खरंच गेली. घंटा उजव्या हाताला, पखवाज समोर, मागे बायकांचा घोळका, एक पोर कुठेतरी चुकीच्या ठेक्यात टाळ्या पिटतंय. देवळाच्या पडवीत मी उभा होतो तसाच्या तसा.

उभा. कारण आरती बसून ऐकतं का कोणी? मी उठलो. चपला काढून बाजूला सरकवल्या. समोर बघतो तर दोन-तीन माणसं खुशाल खुर्चीत बसलेली. मला चष्म्याशिवाय ती मंडळातलीच वाटली. म्हटलं, काय ही माणसं. हाताने खूण केली, उठा, उठा.

आता त्यांना आरती ऐकू येत नव्हती. आली असेल तर मच्छराएवढी. पण म्हातारा माणूस उठा म्हणतोय म्हटल्यावर साहेब उठले. साहेब उठले म्हणून केतनभाई उठला. मी हात जोडले, तर त्यांनीही जोडले.

हे सगळं मला सायलीने नंतर सांगितलं. ती पुढे आली होती मला थांबवायला. पण साहेबांनी तिला हाताने अडवलं आणि कुजबुजले, "थांब. त्यांची काहीतरी पद्धत आहे. मन लावून तपासतायत."

टाळ्या वाजवत मी मोठ्याने म्हणायला लागलो. लूमखात्यात ओरडून बोलायची सवय, माझा आवाज काही तुमच्यासारखा नाही. बाहेरची दोन गिऱ्हाईकं काचेला नाक लावून उभी राहिली.

आता आरतीच्या शेवटी काय करतात तुम्हाला माहीत आहे. हात जोडून जागच्या जागी स्वतःभोवती फिरायचं. लहानपणापासूनची सवय, डोळे मिटतात, पायच फिरतात. मी फिरलो.

साहेब सायलीला म्हणाले, "बघ, बघ. माणूस वळला तरी आवाज जागेवर राहतो का, ते बघतायत." आणि अंदाज घ्यायला तेही अर्धे फिरले. केतनभाईला वाटलं आपणच मागे राहिलो, तो पूर्ण फिरला.

पण त्यांना वायर नव्हती. मला होती. पहिल्या गिरकीत ती पोटाला, दुसरीत छातीला, आणि मंडळ जोरात होतं, गिरक्या काही थांबेनात. पलीकडचं टोक मशीनला घट्ट. मी जितका फिरलो तितकं ते मशीन टेबलावरून सरकत सरकत माझ्याकडे यायला लागलं.

मी डोळे उघडले तर माझ्यापुढे काय? दोन पिवळ्या ज्योती, आपणहून माझ्यासमोर आलेल्या.

सांगा, तुम्ही काय केलं असतं? आरती संपली, ताट फिरत फिरत आपल्यापर्यंत आलं. मी दोन्ही हात ज्योतींवरून फिरवले, ऊब लागली, डोळ्यांना लावले. पुन्हा फिरवले. आणि मग रीत आहे म्हणून खिशात हात घातला, नाणं काढलं आणि भक्तिभावाने ताटात ठेवलं.

ते ताटात राहिलं नाही. फटीतून खुळ्ळ करून आत गेलं.

आतून 'फट्' झालं. ज्योती विझल्या. देऊळ, पखवाज, बायका, सगळं एका क्षणात बंद.

मला वाटलं वीज गेली. आमच्या गावात आरतीला हमखास जायची. मी प्रसादासाठी उजवा हात पुढे करून उभा राहिलो.

बराच वेळ कोणी काही देईना. मग साहेबांनी खिशातून एक पेपरमिंटची गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी ती कपाळाला लावून तोंडात टाकली.

"आजोबा," सायलीचा आवाज आला. रडवेला. "चष्मा घाला."

चष्मा घातला. कानापाशी काहीतरी अडलं, तरी रेटून घातला. मग दिसलं. वायरीत बांधलेला मी, टेबलाच्या अगदी कडेला आलेलं मशीन, त्यातून निघणारी धुराची बारीक रेघ, डोक्याला हात लावलेला केतनभाई, आणि पोरीचं ते तोंड. पोरीची नोकरी मी माझ्या हाताने त्या फटीतून आत टाकली होती.

"काका," केतनभाई हळू म्हणाला, "ये आपने क्या किया?"

मी म्हटलं, "भाई, चूक माझी आहे. पोरीला बोलू नका. ती मला हात लावू नका म्हणाली होती."

साहेबच मग खाकरले आणि म्हणाले, "ते असू दे. आजोबा, मला एक खरं सांगा. हेडफोन कसा वाटला?"

मी विचार केला, आता तरी काहीतरी शहाण्यासारखं बोलावं, पोरीसाठी. पण खोटं कसं बोलू? आरती सुरू झाल्यावर त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"साहेब, त्याचं मला विचारू नका," मी म्हणालो. "तो मी मघाशीच काढून ठेवला. लावणीनंतर." आणि टेबलावर चाचपडायला लागलो. "इथेच कुठेतरी ठेवला होता. सायली, बघ गं, पडला तर नाही?"

सायली बघतच राहिली. केतनभाईने तोंडावर हात धरला.

साहेब खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग उठून त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी अलगद उतरवला, आणि केतनभाईला म्हणाले, "हा बांधून द्या. नवा डबा नको. हाच द्या. घातल्याचं भानच राहत नाही असा हेडफोन मी दहा वर्षं शोधतोय."

सायलीची नोकरी पक्की झाली, त्याच संध्याकाळी. मशीनचा म्हणे फ्यूजच उडाला होता, कारागिराने बदलला, सुरू झालं. आतलं नाणं केतनभाई मला परत द्यायला आला. मी घेतलं नाही. आरतीत टाकलेलं कोणी परत घेतं का?

परवा पोरीचा डबा द्यायला पुन्हा दुकानात गेलो. मशीनशेजारी नवी पाटी दिसली, मोठ्या अक्षरांत, म्हणून मला जमली. एकेक अक्षर लावत वाचली: 'कृपया यंत्रात नाणी टाकू नयेत.'

शेजारी एक तरुण गिऱ्हाईक उभं होतं. ते हसून मला म्हणालं, "काका, यात कोण येडा नाणी टाकत असेल हो?"

मी सायलीकडे बघितलं. सायलीने छताकडे बघितलं.

"काय सांगावं," मी म्हणालो. "तुमच्या अंधेरीत कुठून कुठून माणसं येतात."