कॅप्टन साहेबांचा हात

आमची कंपनी तेव्हा वरच्या डोंगरात होती. एका बाजूला कडा, एका बाजूला नाला, मधून रस्ता. खालून रेशन आणायचं, वरच्या पोस्टांना पोचवायचं, हे काम. मी हवालदार होतो. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या सेक्शनची एक रायफल कधी मळकी निघाली नाय. आजही हर्सूलच्या तळ्यावर सकाळी फिरायला जातो तेव्हा माझे बूट बघून घ्यावेत.

त्या साली युनिटला नवे डॉक्टर आले. कॅप्टन, आणि बाई. पहिल्या दिवशी मी कडक सॅल्यूट मारला आणि म्हणालो, "राम राम, मेमसाब." साहेबांच्या बायकोला आम्ही मेमसाब म्हणायचो. बाईसाठी दुसरा शब्द तोंडात बसलेलाच नव्हता.

त्या हसल्या. "उस्ताद, मेमसाब मेरी मम्मी को बोलना. मैं कॅप्टन हूँ."

लंगरात जेवताना पोरांनी मला लई पिडलं. सगळ्यात पुढं सुभाष.

सुभाष माझ्याच गावचा, पाचोडच्या पलीकडचा. माझं घर वरच्या आळीला, त्याचं बौद्धवाड्यात. गावात तो मला पाटील म्हणायचा आणि दोन पावलं लांब उभा राहायचा. पलटणीत उस्ताद म्हणायचा आणि माझ्याच मगातला चहा ओढायचा.

"उस्ताद, गावी गेल्यावर पाजाल का असा चहा?"

"पाजतो की. भितो का काय कुणाला?"

एका सकाळी सुभाष बसलेल्या रेशनच्या गाडीवर दरड आली. वायरलेस सेटवर निरोप आला, "गाड़ी नाले में. दो जख्मी. डॉक्टर भेजो. ओव्हर." दोर टाकून आम्ही उतरलो. कॅप्टन साहेब माझ्या आधी.

ड्रायव्हरचं डोकं फुटलं होतं. सुभाष कमरेपर्यंत चिखलात रुतलेला, पण शुद्धीवर.

"कमर के नीचे चोट? खून?" कॅप्टन साहेबांनी विचारलं.

"नहीं साहब. ठीक हूँ. ड्रायव्हर को देखिए."

ड्रायव्हरला पट्टी बांधून त्या परत आल्या. सुभाषची नाडी धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. हात चिखलात घालायला गेल्या, तर त्यानं मनगट धरलं.

"ये मुझसे छुपा रहा है," त्या मला म्हणाल्या. "तुम पूछो, अपनी बोली में." आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

मी वाकलो. "काय झालं रं?"

"दादा," तो म्हणाला. पाटील नाय, उस्ताद नाय. "जांघेत लागलंय. लई रक्त जातंय. बाईमाणूस, त्यात साहेब. कसं सांगू?"

"येडा हायस का रं!" मी ओरडलो. "साहब, जांघ में!"

त्या वळल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले आणि दाबून धरलं. सुभाषनं लाजेनं डोळे मिटले. आम्ही फावड्यानं चिखल उपसत राहिलो. त्याचे डोळे परत उघडले नाहीत. त्यांनी हात काढले नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "कॅप्टन साहब, बस."

त्याला घेऊन मी गावी आलो. पारावर एक जण हळूच म्हणाला, "नको तिथं बाईनं हात लावला म्हणं?" मी नुसतं बघितलं. तो उठून गेला.

सुभाषच्या आईला मी जन्मभर नावानं हाक मारलेली. त्या दिवशी तोंडातून मावशी आलं.

"पाटील, शेवटाला जवळ कोण व्हतं?"

"कॅप्टन साहेब होते, मावशी."

"सायबानं हात लावला का माझ्या लेकराला? का दुरूनच?"

"शेवटपर्यंत धरून होते. बाई हायत त्या."

"बाई व्हय?" तिनं विचारलं. मग पदरानं तोंड पुसलं. "मग बरं झालं. बाईचा हात व्हता."

तिनं चहा ठेवला. कप घेऊन उंबऱ्यात थबकली, द्यावा का नाय म्हणून. मी उठून तिच्या हातातून घेतला.

आता मावशी नाय. हर्सूलला आम्ही रिटायर लोक बसतो, तेव्हा कुणी म्हणतं, बाईच्या हुकमाखाली कसली फौज! मी म्हणतो, मी केली नोकरी, आणि छाती पुढं काढून केली. पाचोडचा बाजार केला की सुभाषच्या घरी जातो. त्याची भावजय चहा देते. फोटोसमोर आधी सॅल्यूट, मग चहा. त्याला माझ्या घरचा पाजायचा होता, तो राहिला. म्हणून मी त्याच्या घरचा पितो.