जयवंताबाईचं चौथं शील

जयवंताबाई भित्री होती, आणि त्याची तिला काडीचीही लाज नव्हती. नवरा नत्थू नागपूरच्या लकडगंजात आरामशिनीवर कामाला, म्हणून करवतीचं भेव. नळावर बायकांचं वाजलं की भेव. पोलीस नुसता सायकलवरून गेला तरी ही दाराआड. अशा बाईला बँकेत लागलेल्या पोरानं त्र्याऐंशीच्या जुलैत विहारातल्या मंडळींसोबत लंकेला धाडलं. "माय, तिथं सारे आपलेच लोक हायेत. भेतेस काहून?" म्हणाला, आणि स्टेशनावर गाडीत बसवून मोकळा झाला.

बोधिवृक्ष पाहून झाला, बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर पाहून झालं. शेवटचा दिवस कोलंबोत मोकळा होता: सकाळी समुद्र, मग बाजार. समुद्राशी तिनं पायही भिजवला नाही. शेजारीण सिंधूताई हाताला धरून ओढत होती, "चाल वं, गिळून नाही राहिला तो तुले." पण जयवंता आपली वाळूत रुतून उभी. शहाळं पिताना मात्र तिला बरं वाटलं. दोघी रमतगमत बाजारात शिरल्या. शिंपल्यांच्या माळा पाहिल्या, लेसचे रुमाल चाचपले.

अर्धी दुकानं बंद होती. लांब कुठंतरी काळा धूर वर जात होता. "कचरा जाळून राहिले असतील," सिंधूताई म्हणाली. जयवंता तेव्हाच थबकली. माघारी फिरू म्हणाली, पण तिचं ऐकतो कोण?

कापडाच्या एका लहानशा दुकानात त्या थांबल्या. दुकान चालवणारी सेल्वी नावाची तमिळ बाई होती, तिशीतली, कपाळावर ठसठशीत कुंकू. जयवंताला वंदनेला नेसायची पांढरी साडी हवी होती. भाषा कुणाचीच कुणाला कळेना, म्हणून सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी. सेल्वीनं हसत आपला हात जयवंताच्या हाताशेजारी ठेवून दाखवला. रंग अगदी एक, कोणता कोणाचा ते सांगता येऊ नये. जयवंतालाही हसू आलं.

तेवढ्यात समोरच्यानं धाडकन शटर ओढलं. पाठोपाठ काचा फुटल्याचा आवाज, आरडाओरडा, माणसांची पळापळ. शहरात सिंहली टोळ्यांनी तमिळ लोकांची घरं-दुकानं हुडकून पेटवणं सुरू केलं होतं, हे या दोघींना मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की सेल्वीनं घाबरून जयवंताचं मनगट घट्ट धरलं.

"चाल वं लवकर," सिंधूताई म्हणाली. "आपल्याले काय करायचं हाय? परक्या मुलुखात मरशील."

जयवंतालाही पळायचंच होतं. खरं सांगायचं तर तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण मनगट सुटेना. मग तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि सेल्वीचं कुंकू पुसून काढलं. सवाष्णीचं कुंकू पुसताना तिनं डोळे मिटून घेतले. गळ्यातली ताळी, तिकडचं मंगळसूत्र, तिच्या झंपरात कोंबली, आणि घेतलेली पांढरी साडी तिच्या अंगावर गुंडाळली.

माणसं आत आली. हातात दांडे, कुणाकडे रॉकेलचा डबा. पुढच्यानं काहीतरी विचारलं. त्याची नजर सेल्वीवरून जयवंतावर गेली आणि तिच्या काळ्या दंडावर थांबली. सिंधूताई जयवंताच्या पाठीमागे सरकली. जयवंताला मराठीसुद्धा आठवेना. जे तोंडपाठ होतं तेच बाहेर आलं: "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स."

माणूस चपापला. त्याचेही ओठ हलले. आपण घरी रोज म्हणतो तीच वंदना या माणसालाही पाठ आहे, हे पाहून जयवंता आणखीच गारठली. त्यानं सेल्वीकडे बोट केलं: हिला म्हणू दे. जयवंतानं दोन बोटं जोडून दाखवली, बहीण. मग तोंडावर हात ठेवला, मुकी आहे. आणि तो आणखी काही विचारायच्या आत पंचशील म्हणायला लागली. चौथ्या शीलाशी, 'मुसावादा वेरमणी'शी, आवाज अडला. खोटं बोलणार नाही, असं ती खोटं बोलता बोलता म्हणत होती. दांडा हलला. तिनं म्हटलं.

त्यानं वाट सोडली.

दाराबाहेर आणखी एक बाई भिंतीला लावून उभी केली होती. म्हातारी, अनवाणी. तिनं आतलं सगळं पाहिलं होतं. जयवंता शेजारून जाताना तिनं तिचा पदर धरला, आणि शब्द येत नसताना 'नमो, नमो' असं पुटपुटू लागली. माणसानं जयवंताकडे पाहिलं, दोन बोटं जोडून दाखवली: हीपण?

सेल्वीचा हात जयवंताच्या हातात होता. दुसरं खोटं पचलं नाही तर पहिलंही उघडं पडेल. जयवंतानं मान हलवली. नाही.

पदर सुटला. तिघी चालत राहिल्या. मागं वळून कुणीच पाहिलं नाही. एका शाळेत जीव वाचवायला आलेली माणसं जमली होती, तिथं सेल्वीला पोचवलं. ती जयवंताच्या पाया पडली. जयवंतानं पाय मागे घेतले.

नागपुरात सिंधूताईनं ही गोष्ट घरोघरी सांगितली, म्हातारीची तेवढी सोडून. विहारात जयवंताचा सत्कार झाला. पण दर पौर्णिमेला पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी ती गप्प होते, हे भंतेजींच्या ध्यानात आलं. त्यांनी एकदा बाजूला बसवून समजावलं, "जीव वाचवाले बोललं, बाई. त्या खोट्याचं मनाले लावून घेऊ नका."

जयवंतानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "खोट्याचं काई नाही, भंतेजी. तिथं एक म्हातारी होती. तिच्या येळेस मी खरं बोलली."